खांदेरीचं दीपगृह: रविवार नव्हे, तिथी पाहून निघा

अलिबागच्या उत्तरेला थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर दोन बेटं दिसतात. जवळचं, बसकं, तटबंदीत बसवल्यासारखं वाटतं ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, आणखी आत, दोन टेकड्यांचं खांदेरी. त्यातल्या एका टेकडीवर मनोरा उभा आहे तो कान्होजी आंग्रे दीपगृहाचा. १८६७ पासून मुंबई बंदराकडे दक्षिणेकडून येणारी जहाजं या दिव्याची खूण धरून आली. जुन्या इंग्रजी नकाशांत बेटाचं नाव ‘केनरी’ आणि दिव्याचं नावही तेच. पुढे ज्या सरखेलाने, म्हणजे मराठा आरमारप्रमुखाने, याच पाण्यात इंग्रजांना जेरीस आणलं त्याचं नाव दिव्याला मिळालं, आणि ते शोभतं.

किनाऱ्यापासून अंतर फार नाही, सुमारे पाच किलोमीटर. तरीही खांदेरीची सहल जितक्या वेळा ठरते त्यापेक्षा कमी वेळा पार पडते. कारण बहुतेक जण सुट्टीचा वार पाहून निघतात. इथला समुद्र वार ओळखत नाही, तिथी ओळखतो. ज्यांनी पंचांग पाहिलं ते कोरड्या कपड्यांनी बेटावर उतरतात. बाकीचे एकतर थळच्या वाळूवर पाण्याची वाट पाहत बसतात किंवा कमरेएवढ्या पाण्यातून होडी गाठतात. म्हणून दीपगृहाच्या आधी भरतीचा हिशेब.

तिथीचा पाऊणपट

कोकण किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला नियम असा: तिथीच्या आकड्याला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला हिशेबाने सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात पाणी बाराच्या आसपास भरतं. दिवसातून दोन भरत्या असल्यामुळे हीच वेळ सकाळी आणि साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी पुन्हा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दर दिवशी वेळ पाऊण तास ते पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, म्हणूनच पाऊणपट. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्याशी हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. दिवस निवडायला तो पुरतो. निघायची नेमकी वेळ मात्र तक्ता पाहूनच ठरवा.

दुसरी गोष्ट पाणी किती चढतं-उतरतं याची. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात तेव्हा पाण्याची पातळी दिवसात चार मीटरच्या आसपास वरखाली होते. भरती उंच, पण ओहोटीही तितकीच खोल. किनारा दूरवर उघडा पडतो आणि मधल्या वेळात पाण्याला जबर ओढ असते. सप्तमी ते नवमीच्या सुमारास भांग. तेव्हा चढउतार उधाणाच्या निम्म्यावर येतो, ओढ मंद असते, आणि पूर्ण ओहोटीलाही होडीपुरतं पाणी बऱ्यापैकी टिकतं.

आता वारा. थंडीत पहाटेपासून सकाळपर्यंत जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि थळच्या बाजूचं पाणी ताटलीसारखं सपाट असतं. ऊन तापलं की हळूहळू वारा फिरतो. दुपारी वायव्येकडून खारा वारा जोर धरतो आणि आखूड, तुटक लाटा उठवतो. त्यात पाणी वाऱ्याच्या उलट दिशेने वाहत असेल तर लाटा आणखी उभ्या होतात आणि होडीतला प्रत्येक जण नखशिखांत भिजतो. तेव्हा निघायचं सकाळी आणि थळला परत यायचं दुपारच्या वाऱ्याआधी.

दोन्ही गोष्टी एकत्र मांडल्या की दिवस आपोआप निवडला जातो. दशमी ते द्वादशी सर्वांत सोयीची: भरती साडेसात ते नऊच्या दरम्यान, म्हणजे जाताना पाणी भरलेलं, आणि बारा-साडेबाराला परततानाही होडीपुरतं पाणी शिल्लक. अष्टमी-नवमीही चालते, कारण ओहोटी दुपारकडे झुकली तरी भांगामुळे पाणी फारसं मागे जात नाही. तृतीया-चतुर्थी टाळावी, सकाळी नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी, तीही उधाणाच्या शेपटातली, त्यामुळे थळच्या होड्या वाळूत कलंडलेल्या असतात आणि त्या हलेपर्यंत वारा सुटतो. ऐन पौर्णिमा-अमावास्येला पाण्याची उंची जुळते, पण परतताना ओढ आणि वारा दोन्ही पदरी पडतात. सराव नसलेल्या, लहान मुलं बरोबर असलेल्या लोकांनी तो दिवस घेऊ नये.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. ऑक्टोबरमध्ये हवा सर्वांत स्वच्छ असते, पण पावसाळ्याचा फुगवटा समुद्रात अजून शिल्लक असतो आणि बेटाच्या खडकांवर तो जाणवतो. डिसेंबर-जानेवारीत सकाळी क्षितिज धुरकट असतं. मुंबई दिसेलच असं धरून चालू नका. मार्चनंतर वारा सकाळीच सुटू लागतो. जूनपासून तर विषयच मिटला, तेव्हा होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात.

थळपर्यंत आणि थळहून पुढे

मुंबईहून येणाऱ्यांना गेटवेवरून लाँचने किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा, आणि तिथून रस्त्याने थळ. रस्त्याने पेण-वडखळवरून आलात तर अलिबागच्या अलीकडे उजवीकडे थळकडे फाटा. पण मुंबईहून पहिल्या बोटीने निघून भरती गाठणं जमत नाही. आदल्या रात्री अलिबाग किंवा थळ-वरसोली भागात मुक्काम करावा. त्या मुक्कामाचा आणखी एक उपयोग आहे, तो शेवटी.

थळहून खांदेरीला ठरलेली फेरीबोट नाही. मासेमारीच्या होड्याच जातात. भाडं माणशी नसतं, सबंध होडीचं असतं, त्यामुळे आठ-दहा जणांचा गट असेल तर परवडतं. होडी आदल्या संध्याकाळी ठरवा. तांडेलाशी, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाशी, बोलताना चार गोष्टी पक्क्या करा: निघायची वेळ, बेटावर किती तास थांबायचं, होडी तिथे थांबणार की सोडून परत न्यायला येणार, आणि उंदेरीला वळसा घालायचा आहे की नाही. ‘थांबणार’ असंच ठरवा. सोडून गेलेली होडी मासळीच्या गडबडीत उशिरा आली तर तुमचा सगळा तिथीचा हिशेब वाया जातो. तांडेल म्हणाला ‘आज नको’, तर दुसऱ्याला विचारत फिरू नका. तो पाण्याचा रंग पाहून बोलत असतो.

लाईफ जॅकेट माणसागणिक आहेत का ते वाळूवर असतानाच मोजा आणि तिथेच अंगावर चढवा. दोर नसलेलं किंवा बकल तुटलेलं जॅकेट मोजणीत धरू नये. फोन, कॅमेरा, ओळखपत्र दुहेरी पिशवीत. चढताना गुडघाभर पाण्यातून जावं लागेल असं समजूनच कपडे घाला. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल हव्यात. रबरी चपला वाळूत अडकून वाहून जातात आणि कापडी बूट दिवसभर ओले राहतात. ज्यांना बोट लागते त्यांनी उपाशीपोटी जाऊ नये आणि नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, बसू नये. होडीच्या मध्याच्या थोडं मागे बसावं, नजर क्षितिजावर ठेवावी.

वाटेत पाण्यातून वर आलेले खुंट आणि तरंगते बोये दिसतात. ती खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या डोल जाळ्यांची जागा. होडी त्यांना वळसा घालून जाते, कारण दोर पंख्यात गुंतला की मशीन बंद पडतं आणि कोणाला तरी पाण्यात उतरून तो कापावा लागतो. सरळ रेषेत का जात नाही म्हणून तांडेलाला घाई करू नका. उंदेरीच्या बाजूने जाताना तिची तटबंदी पाण्यातूनच नीट पाहून घ्या. तिथे उतरायला धक्का नाही. खडकावर उडी मारूनच चढावं लागतं आणि ते फक्त अगदी शांत पाण्यात जमतं.

आधी किल्ला, मग दिवा

खांदेरीला धक्का आहे. पायऱ्यांचा खालचा भाग ओहोटीला उघडा पडतो आणि त्यावर हिरवी बुळबुळीत शेवाळ असते. तिथे पाय न ठेवता कोरड्या पायरीवर पाऊल टाका. धक्का सोडून खडकांवरून चढायचा मोह होतो, तो टाळावा. बेटाभोवती तटाबाहेर पडलेले मोठे दगड लाटा फोडतात आणि त्यांवर कालवं चिकटलेली असतात. कालवाची कड पातीसारखी धारदार असते; पाय घसरून हात टेकला की तळवा चिरतो, आणि खाऱ्या पाण्यातली ती जखम लवकर भरत नाही.

बेटावर पोचताच दीपगृहाच्या कर्मचाऱ्यांना भेटून ओळखपत्र दाखवा आणि वर जाण्याची परवानगी मागा. खांदेरीचं दीपगृह हे चालू कामाचं ठिकाण आहे. मनोऱ्यावर सोडायचं की नाही, एका वेळी किती जणांना, हे त्यांच्या हातात असतं. गट मोठा असेल तर आधी लेखी परवानगी काढून जाणं शहाणपणाचं. ड्रोन बॅगेतच राहू द्या. मुंबईच्या तोंडावरचा हा सागरी भाग आहे, परवानगीशिवाय उडवला तर प्रकरण अंगाशी येतं.

वर जाण्याआधी किल्ला फिरून घ्यावा असं आमचं ठाम मत आहे, कारण किल्ला समजल्याशिवाय दिवा इथे का, हे समजत नाही. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांनी या बेटावर बांधकामाचा प्रयत्न केला होता, तो इंग्रज आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्या विरोधामुळे थांबला. १६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा सरण्याआधीच, महाराजांच्या आरमारातले मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन इथे उतरले आणि तट उभा राहू लागला. मुंबईकर इंग्रजांना याचा अर्थ लगेच कळला. त्यांच्या बंदरात जाणारं-येणारं प्रत्येक जहाज खांदेरीवरून मोजता येणार होतं. त्यांनी जहाजं पाठवून नाकेबंदी केली. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या नेतृत्वाखालच्या मराठा आरमाराने इंग्रजी ताफ्यावर हल्ला चढवला. इंग्रजांचं ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं, ‘रिव्हेंज’ या जहाजाने मात्र तोंड दिलं.

या लढाईत निर्णायक ठरली ती इथली उथळ जागा. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वारा लागे आणि खोल पाणी लागे. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालत, वारा पडला तरी थांबत नसत, आणि रात्रीच्या अंधारात किनाऱ्याजवळच्या कमी पाण्यातून थेट बेटाला रसद पोचवत. नाकेबंदी असूनही तट चढत राहिला, आणि शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली. १६८० च्या जानेवारीत सिद्दी कासमने शेजारचं उंदेरी घेतलं आणि एकमेकांच्या तोफांच्या टप्प्यात दोन शत्रू समोरासमोर बसले. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने कान्होजी आंग्र्यांच्या ताब्यातल्या खांदेरीवर चाल केली, तीही फसली. पेशवाई बुडाल्यावरच बेट इंग्रजांकडे गेलं. जे उथळ, खडकाळ पाणी किल्ल्याचं संरक्षण करत होतं, तेच इंग्रज व्यापाऱ्याच्या जहाजाला धोक्याचं होतं. म्हणून पन्नासएक वर्षांत किल्ल्यात दिवा उभा राहिला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत खांदेरी आहे. नौदलाच्या पाणबुडीलाही हेच नाव आहे. पहिली ‘खांदेरी’ १९६८ मध्ये दाखल झाली, आताची २०१९ मध्ये.

तट फिरताना दोन गोष्टींपाशी जरा जास्त थांबा. एक, गाड्यासकट असलेल्या तोफा. महाराष्ट्रातल्या बहुतेक गडांवर तोफ म्हणजे गवतात आडवी पडलेली नळी; तिच्याखालचा गाडा केव्हाच गेलेला असतो. इथे लोखंडी गाडे आणि चाकं टिकून आहेत. वाकून पाहा: नळीच्या दोन्ही कुशींना बाहेर आलेले कान गाड्याच्या खाचेत बसलेले असतात. तोफेचं सगळं वजन या दोन कानांवर तोललेलं असतं, म्हणून मागचा भाग थोडा वर-खाली करून नेम धरता येई. खाऱ्या हवेत लोखंडाला पापुद्रे सुटतात, हात लावला तरी गळतात. चढून फोटो काढू नका, कृपया.

दुसरी गोष्ट, ठोकल्यावर भांड्यासारखा आवाज देणारा दगड. दिसायला शेजारच्या दगडांसारखाच, पण लहान खड्याने हलकेच वाजवला की धातूचा नाद येतो. खड्याने, आणि हलकेच. दगडाने घाव घालून त्याचे टवके उडवू नयेत. बेटावर वेताळाचं देऊळ आहे आणि थळपासून वरच्या कोळीवाड्यांपर्यंत त्याला मान आहे. नाखवे, म्हणजे होड्यांचे मालक, नवस फेडायला येतात. चपला बाहेर काढा, पूजा चालू असेल तर थांबा. टाक्यांमधलं पाणी पिऊ नका. माणशी दोन लिटर पाणी आणि खाणं बरोबर न्यावं, आणि कचऱ्याची पिशवी परत आणावी.

मनोरा

चढ छोटा आहे. वर गेल्यावर आधी मनोरा बाहेरून पाहा. एकमजली, सपाट छपराचं दगडी घर आणि त्या घरातूनच उगवलेला अष्टकोनी दगडी मनोरा, सुमारे २५ मीटरचा. राहण्याची जागा आणि दिवा एकाच इमारतीत असण्यामागे सोय होती. तेलाच्या काळात दिवा रात्रभर राखावा लागे: वात कापायची, काजळी पुसायची, तेल भरायचं. पावसाळ्यातल्या वादळी रात्री घरातून मनोऱ्यापर्यंत उघड्यावरून जावं लागू नये, हे महत्त्वाचं होतं. अष्टकोनाला सपाट तोंडाचे दगड चालतात, गोलाव्यात घडवावे लागत नाहीत, आणि चौकोनापेक्षा वारा त्यावर कमी अडतो.

आत शिरल्यावर पायऱ्या चढण्याआधी मान वर करून मधली पोकळी पाहा. जुन्या दीपगृहांत भिंग फिरवायला घड्याळासारखं यंत्र असे, आणि त्याला जोर देणारं वजन मनोऱ्याच्या उंचीतून हळूहळू खाली उतरत असे. ते तळाला टेकायच्या आत हाताने किल्ली देऊन पुन्हा वर चढवायचं. रात्रीतून कितीतरी वेळा. वीज आली आणि हे काम मोटरकडे गेलं.

शेवटचा टप्पा, जवळपास सगळ्याच दीपगृहांसारखा, उभ्या शिडीचा असतो. बॅग खाली ठेवा, दोन्ही हात मोकळे ठेवा, एका वेळी एकानेच चढा. उतरताना तोंड शिडीकडे. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांनी जिन्याच्या माथ्यावरच थांबावं. वर गेल्यावर पाय लटपटले तर अरुंद जागेत मागच्यालाही वळता येत नाही.

दीपगृहाच्या काचघरात पाहण्यासारखं सगळ्यात मोठं काही असेल तर भिंग. त्यामागची युक्ती फ्रेंच अभियंता ऑगस्तँ फ्रेनेल याची. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कॉर्दुआँ दीपगृहावर त्याचं भिंग पहिल्यांदा लागलं. साधं बहिर्गोल भिंग एवढं मोठं केलं तर ते काचेचा डोंगर होईल, जड आणि प्रकाश गिळणारं. फ्रेनेलने जाडी काढून टाकली आणि फक्त वळणदार पृष्ठभाग ठेवला, कड्यांच्या रूपात. मधल्या कड्या प्रकाश वळवतात. वरच्या-खालच्या त्रिकोणी लोलकांत तो आधी आतल्या आत परावर्तित होतो आणि मग क्षितिजाकडे निघतो. एरवी आकाशात किंवा पायाशी वाया जाणारा उजेड अशा रीतीने एका आडव्या पट्ट्यात गोळा होतो. भिंगांचे दर्जे दिव्यापासून काचेच्या अंतरावर ठरतात: पहिल्या दर्जाला ९२० मिलिमीटर, तिसऱ्याला ५००, चौथ्याला २५०. पहिल्या दर्जाच्या भिंगाच्या पोटात माणूस सहज उभा राहतो. आणि या सगळ्या काचेच्या मध्यभागी असलेला दिवा बहुधा मुठीएवढा असतो. तो लहान असावाच लागतो. उजेडाचा उगम जितका बिंदूसारखा, तितका झोत घट्ट.

लोलकाला बोट लावू नका. बोटाचं तेल आणि हवेतलं मीठ मिळून काचेवर जो थर बसतो तो रात्री प्रकाश विखुरतो. फिरत्या भिंगाखाली पाऱ्याचं कडं असलेल्या ठिकाणी तर अंतर राखूनच उभं राहावं. टनभर काच बोटाने फिरावी म्हणून ती पाऱ्यावर तरंगत ठेवण्याची पद्धत होती. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि बंद काचघरात ती साचते. दिवसा काचांवर पडदे ओढलेले दिसले तर ते उघडायला सांगू नका. भिंग उजेड बाहेर फेकतं तसंच बाहेरचं ऊन आतही गोळा करतं; उघडं राहिलं तर मधल्या दिव्याची बैठक तापते, वायरींचं आवरण वितळतं, आगही लागू शकते.

बाहेरच्या सज्जावर जाताना दार वाऱ्याने आपटतं, धरूनच उघडा आणि मागच्याच्या हातात द्या. टोपी, चष्मा, फोनला दोरी हवी. वर टोपीसारखं छप्पर असतं, त्याच्या शेंड्याशी हवा जायला वाट; आत दिवा जळत असताना काचांवर दव धरू नये म्हणून ती लागे. तिथूनच तांब्याची पट्टी भिंतीवरून जमिनीत उतरते, वीज पडली तर तिला वाट देण्यासाठी. पूर्वेला उंदेरी आणि त्यामागे थळचा किनारा, उत्तरेला मुंबई बंदराचं तोंड. हवा स्वच्छ असेल तर नांगरून उभी असलेली मालवाहू जहाजं मोजता येतात, आणि १६७९ मध्ये इंग्रजांना कशाची धास्ती वाटली ते पुस्तकाशिवाय कळतं.

उंची आणि टप्पा

दिवा किती लांबून दिसतो हे फक्त त्याच्या तेजावर नसतं, पृथ्वीच्या गोलाईवरही असतं. दिव्याची समुद्रापासूनची उंची आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढा, बेरीज करा, २.०८ ने गुणा. येतील ते सागरी मैल. उदाहरणापुरता दिवा ४९ मीटरवर धरू आणि डोळा ४ मीटरवर: ७ अधिक २ म्हणजे ९, गुणिले २.०८, म्हणजे पावणेएकोणीस सागरी मैल, जवळपास ३५ किलोमीटर. दिव्याची उंची दुप्पट करून ९८ केली तरी वर्गमूळ ९.९ च होतं, टप्पा दुप्पट होत नाही. म्हणूनच दीपगृह बांधणारे आधी टेकडी शोधतात आणि मग मनोऱ्याची उंची ठरवतात. खांदेरीला निम्मं काम टेकडीनेच केलं आहे.

समुद्राने नाही म्हटलं तर

सगळा हिशेब करूनही वारा आडवा आला तर दिवस वाया घालवू नका. अलिबागहून रेवदंड्याच्या पुलावरून कोर्लईला जा. कुंडलिका नदीच्या मुखावर समुद्रात घुसलेली डोंगराची सोंड, तिच्यावर पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकलेला किल्ला, आणि पायथ्याशी १९५५ मधलं दीपगृह. गाडी जवळपास तिथवर जाते, होडीची गरज नाही. पाहण्याची वेळ ठरलेली असते, बहुधा दुपारनंतर. म्हणून सकाळी किल्ला, मग दीपगृह असा क्रम ठेवा. किल्ल्याच्या पायऱ्या दीपगृहाच्या मागूनच चढतात. मनोरा खांदेरीच्या मानाने लहान, पण इथे कर्मचाऱ्यांना विचारून यंत्रणा जवळून पाहायला मिळण्याची शक्यता जास्त. गावातली काही कुटुंबं आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली क्रिस्ती बोली बोलतात. बाजूच्या गल्लीतून जाताना कान उघडे ठेवा.

रात्रीचं काम

बेटावर रात्रीचा मुक्काम धरू नये. पण दीपगृह दिवसा पाहिलं म्हणजे अर्धंच पाहिलं. आदल्या रात्रीच्या मुक्कामाचा उपयोग तो हाच. सूर्यास्तानंतर थळच्या वाळूवर, गावातल्या दिव्यांकडे पाठ करून दहा मिनिटं उभे राहा, डोळे अंधाराला सरावू द्या. मोबाइलचा पडदा या वेळात एकदाही उजळला तर पुन्हा पहिल्यापासून.

प्रत्येक दीपगृहाची लुकलुक वेगळी असते. जहाजावरचा माणूस ती मोजून, नकाशाशी ताडून, आपण कुठे आहोत ते ठरवतो. मोजायची रीत अशी. आधी फक्त पाहा आणि एका गटात किती झळका येतात ते लक्षात घ्या. मग गटातली पहिली झळक दिसताच घड्याळ चालू करा आणि पुढच्या गटातली पहिली झळक दिसली की वाचा. सर्वसाधारण चूक म्हणजे शेवटच्या झळकेपासून मोजायला लागणं. त्यात फक्त अंधाराचा वेळ मिळतो, पूर्ण आवर्तन नाही. एकाच आवर्तनावर विश्वास ठेवू नका, दहा आवर्तनं सलग मोजून दहाने भागा, म्हणजे बोटाची घाई-उशीर विरून जातो. तांडेलाला आकडा सांगा आणि बरोबर आहे का विचारा. रात्री जाळ्यावरून परतताना तो याच दिव्यावर घर गाठत आला आहे, त्याला न मोजताही माहीत असतो. निघायची वेळ पुन्हा एकदा त्याच्याशी नक्की करा, आणि सकाळी त्याच्या आधी वाळूवर हजर राहा.